मर्यादित प्रतींची काष्ठकोरीव चित्रे : ‘मूळ’, ‘प्रत’ आणि संग्राहकाची जबाबदारी

१

खिळ्यांची छपाई चालू होती त्या काळी भूमसारख्या तालुक्याच्या गावी छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचे एक लहानसे चित्र हमखास असे. छापखान्यात हे चित्र लाकडी बैठकीवर ठोकलेल्या धातूच्या ‘ब्लॉक’च्या रूपाने ठेवलेले असे. मजकुराच्या खिळ्यांबरोबर ते चौकटीत आवळले जाई आणि ट्रेडल यंत्रावर हव्या तितक्या पत्रिका निघत. एकाच ब्लॉकवर अनेक घरची लग्ने निभावत. त्या पत्रिकांपैकी एक मूळ आणि बाकीच्या तिच्या नकला, असा विचार कोणाच्या मनात येत नसे. केवळ चित्रासाठी पत्रिका जपून ठेवण्याचे कारणही पडत नसे.

त्याच जातीच्या यंत्रावर, खिळ्यांच्याच उंचीचा कोरलेला लाकडी ठोकळा बसवून, तशाच शाईने एखाद्या चित्रकाराने पन्नास ठसे काढले आणि प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीने ‘३/५०’ अशा रीतीचा अंक घालून सही केली, की संग्राहक त्या कागदाला ‘मूळ कलाकृती’ म्हणतो, काचेखाली ठेवतो आणि त्याची किंमत मोजतो. छपाईच्या क्रियेपुरते पाहिले तर दोन्ही कागदांत फारसा फरक नाही. एकाचा ठोकळा चित्रकाराने स्वतः कोरलेला आहे, हा फरक खराच; परंतु पेन्सिलीच्या त्या अंकाचा उलगडा तेवढ्याने होत नाही. अंक कशासाठी आहे, आणि त्याच्यामुळे कागदाच्या स्वरूपात नेमका कोणता पालट होतो?

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. एका पक्षाच्या मते मर्यादा ही कलेची प्रतिष्ठा होय. जे थोडे ते मोलाचे. दुसऱ्या पक्षाच्या मते मर्यादा म्हणजे बाजाराने मुद्दाम निर्माण केलेली टंचाई. छपाईचा जन्मच मुळी पुष्कळांपर्यंत पोहोचण्यासाठी झाला असता तिला आकड्यात कोंडणे हा तिच्याशी केलेला द्रोह होय. हे दोन्ही पक्ष एकमेकांच्या विरुद्ध असले तरी एका गोष्टीत एकमत आहेत. दोघेही मर्यादेला वस्तूचा गुण मानतात. वस्तुतः काष्ठकोरीव चित्राच्या बाबतीत मर्यादा हा वस्तूचा गुण नव्हे. ते कलावंताने दिलेले वचन आहे. संग्राहकाच्या हाती कागद आणि शाई यांच्याबरोबर हे वचनही येते, आणि त्याची जबाबदारी तेथूनच सुरू होते. प्रस्तुत लेखात हेच प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम तंत्राचा विचार केला पाहिजे. कारण पुढील सारा युक्तिवाद लाकडाच्या स्वभावावर उभा आहे.

लाकडावरून चित्र छापण्याच्या दोन रीती आहेत आणि बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. पहिली वुडकटची. तीत झाडाच्या लांबीच्या दिशेने कापलेली फळी घेतात आणि सुरीने व पटाशीने नको असलेला भाग काढून टाकतात. चीनमध्ये इ. स. ८६८ मध्ये छापलेले वज्रच्छेदिका सूत्र या रीतीचे आहे, आणि एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बटतला भागात विकली जाणारी चित्रेही याच रीतीची. दुसरी रीत वुड एन्ग्रेव्हिंगची. तिलाच येथे काष्ठकोरीव म्हटले आहे. तीत खोड आडवे कापून मिळालेल्या पृष्ठावर कोरतात. लाकूड बॉक्सवुडसारखे घट्ट व एकजीव लागते आणि हत्यार धातूवर कोरकाम करणाराचे असते. फळीवर लाकडाचा धागा हाताला अडवतो. आडव्या पृष्ठावर असा अडथळा नसल्याने रेषा कोणत्याही दिशेने आणि केसासारखी बारीक नेता येते. कोरलेला भाग शाई घेत नाही, म्हणून कागदावर तो पांढरा राहतो. अर्थात काष्ठकोरीव करणारा चित्रकार पांढऱ्यावर काळे काढीत नाही. काळ्यातून तो हळूहळू उजेड मोकळा करीत जातो. बॉक्सचे झाड सावकाश वाढते व त्याचे खोड बारीक असते. त्यामुळे ठोकळा तळहाताएवढा लहान असणे स्वाभाविकच ठरते. मोठा हवा असल्यास तुकडे सांधावे लागतात.

या रीतीला कलेची पदवी मिळवून दिली ती इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या टॉमस ब्यूइक (१७५३–१८२८) याने. चतुष्पाद प्राण्यांवरचे त्याचे पुस्तक १७९० साली निघाले. ब्रिटनमधील पक्ष्यांवरील ग्रंथाचे दोन खंड १७९७ व १८०४ साली. ब्यूइकच्या आत्मवृत्तात एक नोंद आहे, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. वृत्तपत्रासाठी त्याने कोरलेल्या एका ठोकळ्यावरून नऊ लाखांहून अधिक ठसे निघाले होते. म्हणजे आडव्या पृष्ठावर नीट कोरलेला ठोकळा एका माणसाच्या हयातीत झिजवून संपवणे जवळजवळ अशक्य आहे.

याच्या उलट ड्रायपॉइंट या प्रकारात तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडतात. ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची कोर शाई धरते आणि तिच्यामुळे मखमली काळेपण येते. यंत्राच्या दाबाने ती कोर थोड्याच ठशांत दबून जाते. तेथे पहिला ठसा व पन्नासावा ठसा यांत डोळ्याला दिसेल असा फरक पडतो, आणि मर्यादा पदार्थच घालून देतो. काष्ठकोरीवात तसे नाही. ‘१/५०’ हा अंक ‘५०/५०’ पेक्षा श्रेष्ठ, ही नवख्या संग्राहकाची समजूत ड्रायपॉइंटकडून उसनी घेतलेली आहे; काष्ठकोरीवाला ती लागू पडत नाही. शिवाय अंक घालण्याचा क्रम हा छपाईचाच क्रम असतो असेही नाही. पन्नास ठसे वाळल्यावर ते ज्या क्रमाने हाती येतात त्या क्रमाने अंक पडतात.

मग काष्ठकोरीवाला मर्यादा आली कोठून? इतिहासात याचे उत्तर सापडते. एकोणिसाव्या शतकात काष्ठकोरीव हे पुस्तके व सचित्र नियतकालिके यांचे नित्याचे साधन होते, कारण तो ठोकळा खिळ्यांबरोबर एकाच दाबात छापता येई. तेव्हा प्रतींना मर्यादा घालण्याची कल्पना व्यर्थ होती. जितक्या प्रती तितका धंदा. शतकाच्या अखेरीस छायाचित्रावरून ब्लॉक तयार होऊ लागले आणि कोरणाऱ्यांचा धंदा बसला. धंदा गेल्यावर जे कोरीत राहिले ते निवडीने कोरीत राहिले. लंडनमध्ये १९२० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ वुड एन्ग्रेव्हर्समध्ये रॉबर्ट गिबिंग्ज, एरिक गिल, ग्वेन रॅवेराट यांच्यासारखे कलावंत एकत्र आले. गोल्डन कॉकरेल प्रेसने १९३१ साली एरिक गिलच्या कोरकामाने सजवलेली चार शुभवर्तमाने पाचशे प्रतींत काढली. मर्यादित आवृत्ती ही अशा रीतीने उपयुक्तता संपल्यानंतर आलेली गोष्ट आहे. साधनाचे काम संपले, तेव्हा त्याचे काय करावयाचे हे कलावंताला स्वतः ठरवावे लागले. आकडा हा त्या ठरवण्याचाच एक भाग होय.

३

येथे शब्दांकडे वळणे आवश्यक आहे. मराठीत या व्यवहाराचे जे शब्द आहेत ते चमत्कारिक रीतीने दुहेरी आहेत. ‘ठसा’ म्हणजे ज्याने उमटवावयाचे ते साधन, आणि ‘ठसा’ म्हणजे उमटलेली खूणही. सोनाराजवळ ठसा असतो आणि कागदावर बोटांचे ठसे असतात. ‘शिक्का’ कचेरीच्या मेजावर असतो आणि दाखल्यावरही असतो. ‘छाप’ आणि ‘मुद्रा’ यांचीही तीच गत आहे. कारण आणि कार्य यांना भाषेने एकच नाव दिले आहे. हा भाषेचा ढिसाळपणा म्हणता येणार नाही. ठोकळ्याखेरीज कागदावरची खूण नाही आणि खुणेखेरीज ठोकळ्याला अर्थ नाही; या परस्परावलंबनाचे ज्ञान या शब्दांत साठलेले आहे.

‘प्रत’ या शब्दाचे दुहेरीपण आणखी उपयोगाचे आहे. पोथीची प्रत म्हणजे नक्कल. परंतु ‘उत्तम प्रतीचा गहू’ म्हणताना प्रत म्हणजे दर्जा. पहिल्या अर्थाने प्रत मुळाहून दुय्यम. दुसऱ्या अर्थाने ती वस्तूच्या अंगचा गुण दर्शवते. मुद्राचित्राची प्रत एकाच वेळी दोन्ही अर्थांनी प्रत असते. ती अनेकांपैकी एक असते, आणि शाईचा दाब, कागदाचा पोत, समासाची स्वच्छता यांमुळे तिला स्वतःचा दर्जाही असतो. पन्नास ठशांच्या आवृत्तीतील दोन ठसे शेजारी ठेवले असता सराईत नजरेला हे दिसते: एकात बारीक पांढऱ्या रेषा मोकळ्या आहेत, दुसऱ्यात शाई जास्त झाल्याने त्या भरल्या आहेत.

पोथ्यांच्या व्यवहाराशी तुलना केली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही हरवलेल्या मुळाच्या शोधाची कथा आहे. तेथे प्रत्येक प्रत दुसऱ्या प्रतीवरून झालेली असते, प्रत्येक पायरीला चूक शिरते, आणि संपादक प्रतींची वंशावळ लावून मुळाकडे मागे जातो. मुद्राचित्रात अशी वंशावळ नसते. पन्नासही ठसे ठोकळ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. ते एकमेकांचे भाऊ असतात, बापलेक नव्हेत. आणि ठोकळा हे तरी मूळ चित्र आहे काय? त्यावर चित्र उलटे असते, आणि ते पाहण्यासाठी कोरलेलेच नसते. म्हणून मुद्राचित्रात सर्व प्रती मूळच असतात, असे म्हणावे लागते.

नेल्सन गुडमन याने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ या ग्रंथात हाच भेद वेगळ्या मार्गाने मांडला. काव्याची बिनचूक उतरलेली प्रत्येक प्रत ही ते काव्यच असते. काव्याची बनावट प्रत संभवत नाही. चित्राच्या बाबतीत ती संभवते, कारण ते कोणाच्या हातून घडले हा इतिहास चित्राच्या ओळखीचाच भाग असतो. मुद्राचित्र संख्येने अनेक असूनही चित्राच्याच पंक्तीला बसते. त्या विशिष्ट ठोकळ्यावरून निघाले असणे ही त्याची ओळख. गुडमनचे विवेचन येथवर नेमके आहे. पण त्याच ठोकळ्यावरून निघालेला एक्कावन्नावा ठसा खरा की खोटा, हे त्याच्या कसोटीने ठरत नाही. उत्पत्तीने तो खराच आहे. तरीही तो संग्राहकाची फसवणूक करतो. ही फसवणूक कोठे आहे हे शोधण्यासाठी ‘दुर्मिळ’ या शब्दाची फोड करावी लागते.

४

वस्तू दुर्मिळ होते ती एकाच कारणाने नव्हे. चार प्रकार तरी वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रकार पदार्थाने आणलेल्या दुर्मिळतेचा. ड्रायपॉइंटचे उदाहरण वर आलेच आहे.

दुसरा प्रकार काळाने आणलेल्या दुर्मिळतेचा. त्याचे उत्तम उदाहरण भूम ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात, तेर येथे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा व्यापारी नगर म्हणून उल्लेख येतो. तेथे सापडलेल्या केओलिनच्या लहान मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. मुद्राचित्राप्रमाणे त्याही साच्याची अपत्ये होत, आणि त्या काढणाऱ्याने त्यांना कोणतीही मर्यादा घातली नव्हती. शतकांनी त्या मोडल्या, पुरल्या, विखुरल्या; उरल्या त्या थोड्या. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू स्वतःच्या ध्यासाने जमवल्या, आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. हा संग्राहक नाशाच्या विरुद्ध उभा होता. तो वेचीत नसता तर वस्तू उरली नसती.

तिसरा प्रकार बळजोरीने आणलेल्या दुर्मिळतेचा. चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये दुष्काळग्रस्त मिदनापूर जिल्ह्यातून पायी हिंडून रेखाटनांसह ‘हंग्री बेंगॉल’ हे लहानसे पुस्तक सिद्ध केले. ब्रिटिश सरकारने ते जप्त केले आणि त्याच्या सुमारे पाच हजार प्रती जाळल्या. चित्रकाराच्या कुटुंबात राहिलेल्या एका प्रतीवरून पुढे त्याचे पुनर्मुद्रण होऊ शकले. पाच हजारांची आवृत्ती अशा रीतीने एका प्रतीवर आली. ही मर्यादा कलावंताची नव्हे, सत्तेची होती. आणि त्या एका प्रतीचे जतन ही केवळ हौस नव्हती.

चौथा प्रकार संकल्पाने आणलेल्या दुर्मिळतेचा. मर्यादित आवृत्ती येथे येते. ठोकळा शाबूत आहे, शाई आहे, कागद आहे, गिऱ्हाईकही असू शकेल. तरीही कलावंत पन्नासावर हात थांबवतो. पहिल्या तीन प्रकारांत वस्तू थोडी आहे. चौथ्यात ती थोडी ठेवली आहे. मराठीतील हा क्रियापदाचा फरक म्हणजेच या विषयाचे मर्म होय.

५

ठेवलेली मर्यादा टिकते ती केवळ शब्दावर. म्हणून समासातील अंकाकडे भाषाव्यवहार म्हणून पाहणे युक्त ठरते. जे. एल. ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व १९६२ साली ग्रंथरूपाने निघालेली व्याख्याने या ठिकाणी उपयोगी पडतात. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करतात; काही वाक्ये उच्चारल्यानेच एक कृती घडते. ‘मी वचन देतो’ हे वाक्य वचनाचे वर्णन करीत नाही. ते वचन देते. अशा वाक्याला खरे-खोटे न म्हणता सफल किंवा विफल म्हणावे लागते.

‘३/५०’ हे चिन्ह दोन्ही पदरांचे आहे. ‘३’ हे वर्णन आहे: पन्नासांपैकी हा एक, ओळखीसाठी तिसरा म्हटलेला. ‘५०’ हे वचन आहे: यापुढे नाही. शेजारची सही या वचनाचा कर्ता दाखवते. सहीवाचून अंकाला कर्ता नाही आणि अंकावाचून सहीला विषय नाही. एक्कावन्नावा ठसा काढल्याने आधीचे पन्नास ठसे खोटे ठरत नाहीत. त्यांच्यावर लिहिलेले वचन मोडते. फसवणूक आहे ती येथे.

हा संकेत सार्वत्रिक होण्यास वेळ लागला. पेन्सिलीने सही करण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिस्लरसारख्या कलावंतांनी रूढ केली. व्हिएन्ना येथे १९६० साली भरलेल्या कलावंतांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने नियम घालून दिला: ठशांची संख्या ठरवण्याचा अधिकार कलावंताचा, प्रत्येक ठशावर सही, एकूण संख्या व त्या ठशाचा अंक असावा, आवृत्ती पूर्ण झाल्यावर मूळ ठोकळा वा पत्रा बाद करणे इष्ट. आवृत्तीबाहेर कलावंत स्वतःसाठी काही ठसे राखतो व त्यांवर तशी वेगळी खूण करतो. तेही मोजलेले असले पाहिजेत, नाहीतर वचनाला मागल्या दाराची वाट राहते.

भारतीय कायद्याची भाषा या बाबतीत उद्‌बोधक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘कलाकृती’च्या व्याख्येत कोरीव चित्राचा स्पष्ट समावेश आहे, आणि कोरीव चित्रात वुडकटही मोडते असे सांगितले आहे. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३अ आले. कलाकृतीची दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला फेरविक्री झाल्यास कलावंताला किमतीचा काही वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के, मिळावा अशी ही तरतूद आहे. तिच्या शब्दांत रंगचित्र, शिल्प व रेखाटन यांची ‘मूळ प्रत’ असा प्रयोग आहे. कोरीव चित्राचे नाव मात्र तेथे नाही. ज्या कलेत ‘मूळ’ आणि ‘प्रत’ हे दोन शब्द विरोधाशिवाय एकत्र नांदतात, तीच कला ‘मूळ प्रती’च्या यादीतून गळावी, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. काष्ठकोरीव चित्रकाराने वचन पाळून आपल्या ठशांची किंमत राखली, तरी त्या किमतीतील वाढीवर त्याचा हक्क कलमाच्या शब्दांनी तरी सांगितलेला नाही. वचन देणाऱ्यावर बंधन आहे. त्याचे फळ घेणाऱ्यावर नाही. ही विषमता संग्राहकाने डोळ्यांआड करू नये.

६

तथापि मर्यादा ही कलेच्या रूपाशी अगदीच असंबद्ध आहे असेही नाही. दोन बंगाली मुद्राचित्रकारांची तुलना केली असता हे दिसून येईल. त्यांपैकी एकाचा उत्तरायुष्याचा मोठा काळ महाराष्ट्रात गेला.

हरेन दास (१९२१–१९९३) यांचा जन्म दिनाजपूरचा. शिक्षण व पुढे अध्यापन कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत. मुद्राचित्र हेच त्यांनी आयुष्यभर आपले माध्यम मानले. काष्ठकोरीवात भारतात त्यांच्याइतकी हातोटी क्वचितच दिसते. होड्या, कोळी, गुरे, पाणी भरणाऱ्या स्त्रिया, शेतातील कामे हे त्यांचे विषय. पांढऱ्या रेषा जवळजवळ येतात तेथे आकाश उजळते, विरळ होतात तेथे झाडाखालची सावली दाटते. राखाडी रंग वापरलेला नसून राखाडीच्या अनेक छटा दिसतात. हे चित्र भिंतीवर लांबून पाहण्याचे नव्हे. ते हातात घेऊन, पोथीसारखे डोळ्यांजवळ धरून वाचावे लागते. एका वेळी एकच वाचक, ही त्याची अट आहे. दिनाजपूर १९४७ साली फाळणीने दुभंगले; पण त्यांच्या या चित्रांतील खेड्याला त्या घावाचा स्पर्श झालेला जाणवत नाही. श्रम आहेत, पण श्रमांचा थकवा उजेडात विरघळून गेलेला आहे. हा त्यांचा गुण मानावा की उणीव, याविषयी मतभेद होऊ शकतो. इतके मात्र खरे की हे कोरकाम संथ, सूक्ष्म आणि खाजगी वाचन मागते, आणि लहान आवृत्ती अशा वाचनाशी विसंगत नाही.

चित्तप्रसाद १९४६ साली मुंबईस आले आणि पुढील अनेक वर्षे अंधेरीत राहिले. त्यांची लिनोकट व वुडकट चित्रे दुसऱ्या टोकाची आहेत. पांढऱ्या-काळ्याचे मोठे, धारदार पट्टे. मधली छटा जवळजवळ नाहीच. चित्र मोर्च्यात, भिंतीवर, गर्दीतून दिसले पाहिजे. कष्ट करणाऱ्या मुलांवरील त्यांची लिनोकटमाला युनिसेफच्या डॅनिश समितीने १९६९ साली प्रसिद्ध केली. ही स्वस्त मुद्राचित्रे सर्वसामान्य लोकांसाठी होती. त्यांवर बहुधा सहीही नसे आणि अंकही नसे. वचन न देणे हेच येथे वचन होते: पाहिजे तितकी काढा, पाहिजे त्याने घ्या. पुढे याच चित्रांचे संग्राहकांत मोल झाले. ज्याने मर्यादा नाकारली त्याच्या चित्रांना काळाने आणि बाजाराने मर्यादा घातली. संग्राहकाने चित्तप्रसादांचा ठसा घेताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सही-अंक नाही म्हणून तो ठसा हलक्या प्रतीचा, हा निर्णय दुसऱ्या प्रकारच्या कलेची मोजपट्टी या कलेला लावण्यासारखा होईल.

तात्पर्य, अंक असणे किंवा नसणे हा श्रेष्ठतेचा पुरावा नव्हे. चित्र ज्या वाचकाकडे निघाले आहे त्याच्याशी आवृत्तीचे स्वरूप जुळते की नाही, हे पाहिले पाहिजे. आजच्या मुद्राचित्रकाराने पन्नासांचा आकडा घातला तर समीक्षकाने प्रथम एवढेच विचारावे: या कोरकामाला पन्नास वाचक पुरतात काय, आणि ते पन्नास कोण?

७

या शेवटच्या प्रश्नातून संग्राहकाची जबाबदारी निघते. मर्यादा हे वचन असेल तर संग्राहक हा त्या वचनाचा साक्षीदार होय. साक्षीदाराने निदान तीन गोष्टी कराव्यात.

एक, त्याने ठशाबरोबर त्याची नोंद जपावी: ठोकळ्याचे लाकूड व माप, एकूण ठसे, आवृत्तीबाहेरचे ठसे, छपाईचे वर्ष, छापणाराचे नाव. पाठचिकित्सकाला पोथीच्या अखेरचा लेखनकाल व लेखकाचे नाव जितके मोलाचे, तितकीच ही नोंद उद्याच्या अभ्यासकाला मोलाची ठरेल.

दोन, ठोकळ्याचे काय झाले हे त्याने विचारावे. ब्यूइकचे ठोकळे त्याच्या मृत्यूनंतरही टिकले आणि विसाव्या शतकात शिकागोच्या रॉबर्ट हंटर मिडलटन यांनी त्यांवरून पुन्हा ठसे काढले. त्या पुनर्मुद्रणात कपट नव्हते, कारण ब्यूइकने मर्यादेचे वचन दिले नव्हते आणि नवे ठसे नवे म्हणूनच निघाले. परंतु वचन दिलेल्या आवृत्तीचा ठोकळा वारसांच्या हाती मोकळा राहणे हे वचन अर्धवट ठेवण्यासारखे आहे. त्यावर आडवी रेघ मारून तो बाद करण्याची रीत आहे. पण त्याने कोरकामाचा अस्सल पुरावाच जखमी होतो. तो ठोकळा न छापण्याच्या अटीवर एखाद्या संग्रहालयाच्या वा कलाशाळेच्या स्वाधीन करणे अधिक चांगले. वचनही राहते आणि विद्यार्थ्याला कोरलेले लाकूडही पाहावयास मिळते.

तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, त्याने मर्यादेचा अर्थ टंचाई असा न घेता वाटप असा घ्यावा. रंगचित्र एक असते. ते मुंबईत असेल तर भूममध्ये नसते, आणि भूममधल्या विद्यार्थ्याला त्याचे छायाचित्रच पाहावे लागते. काष्ठकोरीव चित्राचे तसे नाही. त्याच्या पन्नास प्रतींपैकी प्रत्येक प्रत मूळ असल्यामुळे एकच मूळ चित्र पन्नास ठिकाणी असू शकते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते भिंतीवर न लावता पोथीसारखे हातात देता येते, आणि या कलेची वाचनाची रीत तीच आहे. एकाच खरेदीदाराच्या कपाटात दहा प्रती साठल्या की मर्यादा खरोखरच टंचाई होते, आणि बाजारावर रोष धरणाऱ्यांचा आक्षेप तेथे खरा ठरतो. दहा प्रती दहा गावी गेल्या की तीच मर्यादा मोजून वाढलेले ताट होते.

लामतुरे यांनी तेरच्या मातीतील साच्यांच्या मूर्ती वेचल्या, त्या काळाने विखुरलेल्या होत्या म्हणून. त्यांनी विखुरलेले एकत्र आणले. मर्यादित आवृत्तीच्या संग्राहकाचे काम याच्या नेमके उलट आहे. त्याच्यापुढे पन्नास ठशांचा गठ्ठा एकत्रच असतो. तो योग्य हाती विखुरला जाईल हे त्याने पाहावयाचे असते. लग्नपत्रिकेवरचा गणपती हे काम कोणताही अंक न घालता करीत असे. ज्याच्या घरी पत्रिका गेली त्याला आमंत्रण पोहोचले. अंक घातलेल्या चित्रानेही आमंत्रणाचे काम सोडलेले नाही. फक्त किती जणांना बोलावले आहे हे ते प्रामाणिकपणे समासात लिहून ठेवते.